मन लागत नाही तेव्हाची प्रार्थना

आजचा शास्त्रभाग : कलस्सैकरांस पत्र २:६-७
सोबत वाचा : मार्क ४:१-२० आणि स्तोत्र ८८



आजची दोन वचनं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतील. शब्बाथ शाळेत पाठांतराच्या स्पर्धेला ही हमखास असायची. पौल कलस्सैच्या मंडळीला सांगतो की तुम्ही ख्रिस्त येशूला प्रभू म्हणून स्वीकारलं आहे, तर आता त्याच्यामध्येच चाला, त्याच्यामध्ये मुळावलेले राहा, त्याच्यावर रचले जा, शिकवल्याप्रमाणे विश्वासात पक्के व्हा आणि उपकारस्तुती करत राहा. चालणं, झाड आणि इमारत अशी तीन चित्रं त्याने दोन वचनांत कोंबली आहेत. शाळेतल्या बाईंनी हा निबंध तपासला असता तर लाल शाईने खूण केली असती.

मूळ ग्रीक वाक्यरचना मात्र लक्ष देऊन बघण्यासारखी आहे. 'मुळावलेले' हा शब्द तिथे पूर्ण काळातला आहे, म्हणजे ही क्रिया होऊन गेली आहे आणि तिचा परिणाम अजून टिकून आहे. 'रचले जाणं' मात्र चालू काळातलं आहे, ते अजून सुरू आहे. आणि दोन्ही शब्द कर्मणी आहेत. मुळं आपण स्वतः धरली असं पौल म्हणत नाही, आपल्याला मुळावलं गेलं असं म्हणतो. हा व्याकरणाचा मुद्दा मला खाली लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आज मला या वचनाच्या आधाराने एका प्रश्नावर बोलायचं आहे. तरुण संघाच्या बैठकीत एका मुलाने तो विचारला. इंजिनिअरिंग संपवून नुकताच पुण्यात नोकरीला लागलेला, घरापासून लांब, तीन मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. तो म्हणाला, "दादा, मी रोज सकाळी दहा मिनिटं वचन वाचतो, प्रार्थना करतो. पण गेले सहा-सात महिने मला आतून काहीच वाटत नाही. शब्द म्हणतो आणि उठतो. मग हे ढोंग नाही का? त्यापेक्षा बंद केलेलं जास्त प्रामाणिक नाही का?"

त्याला दोन उत्तरं लगेच मिळाली. एक जण म्हणाला, विश्वास कमी पडतोय, उपवास कर. दुसरा म्हणाला, विचार करू नकोस, करत राहा, आपोआप होईल. मला दोन्ही पटली नाहीत. पहिल्या उत्तरात त्या पोराच्या पाठीवर आणखी एक ओझं चढलं, आणि दुसऱ्याने त्याचा प्रश्न ऐकलाच नाही. त्याला आळस नव्हता. आळशी माणूस प्रार्थना सोडतो आणि कोणाला विचारत बसत नाही. हा मुलगा देवाशी खोटं बोलायला घाबरत होता. ही भीती चांगली आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं.

आपल्या पिढीत 'जे वाटतं तेच खरं' ही समजूत इतकी मुरली आहे की ती समजूत आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. काम आवडेनासं झालं की सोडावं. मैत्रीत मजा राहिली नाही की रिप्लाय देणं थांबवावं. मंडळी निवडतानाही तेच. एका रविवारी इकडे वर्शिप भारी, पुढच्या रविवारी तिकडे मेसेज भारी, आणि मधल्या दिवसांत दीडपट वेगाने ऐकलेली प्रवचनं. अंगावर काटा आला तर प्रभू तिथे होता, नाही आला तर नव्हता. मला यात तरुणांना झोडपायचं नाही, मीही याच बाजारात राहतो. पण मोजमापच चुकीचं असेल तर त्यावरून काढलेला निष्कर्षही चुकणार. आमच्या कामातलं उदाहरण द्यायचं तर, मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड रिकामा दिसतो तेव्हा सर्व्हर बंद पडलेला असू शकतो, किंवा सर्व्हर व्यवस्थित चालू असून फक्त आकडे पाठवणारा एजंट बंद पडलेला असू शकतो. नुसता डॅशबोर्ड बघून सर्व्हर डिलीट करणाऱ्याला कोणी कामावर ठेवणार नाही.

यावर नेहमीचं उत्तर आईच्या डब्याचं असतं. पहाटे पाचला उठून डबा करणाऱ्या आईला रोज काही प्रेमाचं भरतं येत नाही, पण तो डबा ढोंग आहे असं कोणी म्हणत नाही. दाखला चांगला आहे, मात्र तो अर्ध्या वाटेपर्यंतच जातो. डब्याने पोट भरतं, आईला काय वाटलं याच्याशी पोळीला देणंघेणं नाही. प्रार्थना म्हणजे बोलणं आहे, आणि बोलण्यात खोटं असू शकतं. मनात नसताना "प्रभू, माझं हृदय आनंदाने भरून वाहतंय" असं कोणी म्हणत असेल तर ते खरंच खोटं आहे. त्या मुलाचा प्रश्न इथे टोकदार होतो आणि डब्याचं उत्तर इथे थांबतं.

मग काय करायचं? खोटे शब्द सोडायचे, प्रार्थना कशाला सोडायची?

स्तोत्र ८८ म्हणूनच सोबत वाचायला दिलं आहे. एकशेपन्नास स्तोत्रांत याच्याइतकं काळोखं स्तोत्र नाही. रडगाण्याच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, 'तरीही मी देवाची स्तुती करीन' अशा अर्थाचं काहीतरी येतं. स्तोत्र १३ मध्ये येतं, स्तोत्र ४२ मध्ये येतं. ८८ मध्ये येत नाही. ते अंधारातच संपतं. लिहिणारा म्हणतो की मी दिवसरात्र हाका मारतोय, तू तोंड लपवतोस, माझी माणसंही तू दूर केलीस. आणि हे स्तोत्र मंदिरात गाण्यासाठी होतं, त्याच्या शीर्षकात मुख्य गवयाचा उल्लेख आहे. विचार करा, ज्या लोकांनी पवित्र शास्त्र जपून ठेवलं त्यांनी हे गाळलं नाही, शेवटी एक आशेची ओळ चिकटवली नाही. 'मला काहीच वाटत नाही, तू कुठे आहेस' हे वाक्य देवाच्या घरात म्हणायला परवानगी आहे, नव्हे, त्यासाठी तयार शब्द दिले आहेत.

म्हणजे त्या मुलाने रोज सकाळी बसून "प्रभू, आजही कोरडंच आहे" एवढं म्हटलं तरी ती पूर्ण खरी प्रार्थना आहे.

इथे कोणी विचारेल, मग रविवारी उपासनेत सगळे आनंदाचं गीत गात असतात तेव्हा काय करायचं? ओठ मिटून उभं राहायचं? मला वाटतं, गायचं. मंडळीचं गीत 'आम्ही'चं असतं. माझ्या शेजारच्या बाकावर एखादी बाई असते, तिच्या मुलाचं ऑपरेशन या आठवड्यात सुखरूप झालेलं असतं. मी तिचं गाणं गातो. पुढे कधीतरी ती माझं रडगाणं गाईल. ऑनलाइन उपासनेत हे होत नाही, म्हणून तिच्यावर कितीही सोय असली तरी एकट्याने भागवू नका.

आता 'ढोंग' या शब्दाकडे येऊ, कारण प्रभू येशूने हा शब्द फार कडक वापरला आहे. मत्तय ६ मध्ये तो ढोंग्यांच्या प्रार्थनेबद्दल बोलतो. त्यातला ग्रीक शब्द नाटकातल्या नटासाठी वापरला जायचा. नटाला प्रेक्षक लागतात. येशू त्या लोकांना 'तुमच्या मनात भावना नाही' म्हणून दोष देत नाही. लोकांनी बघावं म्हणून ते चौकात उभे राहतात, हा त्याचा आक्षेप आहे. आणि उपाय म्हणून तो 'आधी भावना आणा' असं सांगत नाही. आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे, असं सांगतो. म्हणजे प्रार्थना कोणासाठी चालली आहे यावर ढोंग ठरतं. या कसोटीवर बघितलं तर तो मुलगा सुटतो. तीन फ्लॅटमेट झोपलेले असताना, कोणालाही न सांगता, काही मिळत नसताना तो बसतो. त्याला प्रेक्षकच नाही. उलट कॉफीच्या कपाशेजारी उघडं बायबल ठेवून फोटो टाकताना मन अगदी भरून आलेलं असू शकतं, आणि तिथे प्रेक्षक मात्र शंभर असतात. (फोटो टाकूच नका असं म्हणत नाही. आधी वाचून घ्या.)

आता मार्क ४ उघडा. पेरणाऱ्याचा दाखला आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्यातली एक गोष्ट सटकून जाते. चार जमिनींपैकी आनंदाचा उल्लेख कोणत्या जमिनीबद्दल आहे? खडकाळ. ते लोक वचन ऐकताच लगेच आनंदाने स्वीकारतात, पण त्यांच्यात मूळ नसतं, म्हणून ऊन तापलं की वाळतात. मूळ नसलेल्यांच्याच वाट्याला तो पहिला मोठा आनंद आला आहे. चांगल्या जमिनीबद्दल मार्क फक्त एवढंच सांगतो की ते ऐकतात, स्वीकारतात आणि पीक देतात. मार्कच्या चांगल्या जमिनीत रोमांच नाही. आनंद वाईट असतो असा याचा अर्थ नाही, पण आनंद हा मुळाचा पुरावा धरता येत नाही एवढं यावरून नक्की म्हणता येतं. आणि पुरावा धरता येत नसेल, तर आनंद नाही म्हणून मूळही नाही, असंही म्हणता येणार नाही.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. योहान १५ मधला द्राक्षवेल मला समजला तो प्रवचनांपेक्षा त्या बागेत जास्त. नाशिककडच्या द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात. शहरातल्या लोकांना ऑक्टोबरातली माहीत असते, गोडी छाटणी, कारण तिच्यानंतर घड दिसू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. पण त्याआधी एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी होते. नाव अगदी बरोबर ठेवलं आहे. माल निघालेल्या वेलीच्या काड्या खरडून काढल्यासारख्या छाटतात, ओलांड्यावर एखाद-दुसरा डोळा राहतो, बस. बाग उघडी बोडकी दिसते. चार-आठ दिवसांपूर्वी सावली असलेल्या ठिकाणी नुसते खांब, तारा आणि वाळकी वाटणारी खोडं. नवखा माणूस म्हणेल, गेली बाग.

मग नवीन फुटवे येतात. त्या काड्यांवर पानं येतात, फळ येत नाही. पावसाळाभर येत नाही. पण खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांच्या काळात, त्या नव्या काडीच्या डोळ्यांच्या आत, एक गोष्ट घडते. तिला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. पुढच्या फेब्रुवारीत येणारा घड तेव्हाच डोळ्यात तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून बागायतदार गोडी छाटणीच्या आधी काही काड्या तपासणीला पाठवतात, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून बघतात की कितव्या डोळ्यात घड आहे, आणि त्यानुसार छाटणी कुठे घ्यायची ते ठरवतात. त्या उन्हाळ्यात पाणी, खत, ऊन नीट मिळालं नाही, तर ऑक्टोबरात कितीही धावपळ केली तरी घड वाढवता येत नाहीत. जे डोळ्यात बसलं नाही ते बाहेर येणार कुठून? मामा तर म्हणतात, खरी शेती मे महिन्यात होते, बाकी सगळी मेहनत ती पदरात पाडून घ्यायची.

आणि मे महिन्यात बागेत काही दिसत नाही म्हणून पाणी तोडणारा माणूस प्रामाणिक ठरत नाही. त्याला वेल कशी वाढते हे माहीत नाही, एवढंच.

बागेतली आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात थॉमसनसारखी द्राक्षं आता बहुतेक स्वतःच्या मुळांवर नसतात. आधी डॉगरिज नावाच्या रानटी जातीचे खुंट लावतात. ते खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतात. खुंट काही महिने जमिनीत मुळं धरतो, मग पावसाळ्याच्या अखेरीला त्यावर थॉमसनचं कलम भरतात. म्हणजे वर दिसणारी पानं आणि घड थॉमसनचे, पण जमिनीखाली थॉमसन नाहीच. दुष्काळात ती वेल कोणाच्या जोरावर जगते? जे तिचं नाही त्याच्या. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल कलमाचंच चित्र घेतो, तिथे जैतून आहे, आणि कलम केलेल्या फांद्यांना बजावतो की तुम्ही मुळाला उचलून धरलेलं नाही, मूळ तुम्हाला धरून आहे. आता वरचा व्याकरणाचा मुद्दा आठवा. मुळावलं गेलेले. होऊन गेलं आणि टिकून आहे. 'माझी श्रद्धा खरी आहे का, माझी भावना खरी आहे का' असं सतत आत खणून बघणारा माणूस स्वतःची मुळं शोधत असतो. कलमाच्या फांदीला ती सापडणार नाहीत. तिच्या बाजूने एवढंच काम आहे की जिथे जोडली आहे तिथे जोडलेली राहणं.

पण थांबा, या सगळ्याच्या विरुद्ध जाणारं एक वचन आहे आणि ते लपवून पुढे जाणं बरोबर नाही. यशया २९:१३. देव म्हणतो की हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचं हृदय माझ्यापासून दूर आहे, आणि त्यांची भक्ती म्हणजे माणसांनी घोकून घेतलेला नियम आहे. येशूने मार्क ७ मध्ये हेच वचन परूशांना सुनावलं. मग मन नसताना शब्द म्हणणाऱ्या आपल्या मुलाला हे लागू होत नाही का?

मी यावर बराच विचार केला आहे. पहिली गोष्ट, हिब्रूत 'हृदय' म्हणजे भावनांचं ठिकाण एवढंच नाही. विचार, निर्णय, इच्छा हे सगळं तिथे धरलं जातं. आपण ज्याला डोकं म्हणतो त्याचाही मोठा भाग त्यात येतो. हृदय दूर असणं म्हणजे काटा न येणं नव्हे, तर निर्णय दुसरीकडे घेतलेले असणं. दुसरी गोष्ट, यशयाचाच पहिला अध्याय वाचा. देवाला त्यांच्या प्रार्थनांचा वीट का आला आहे? हात रक्ताने भरलेले आहेत म्हणून. अनाथाला न्याय नाही, विधवेची दाद नाही. परूशांच्या बाबतीतही येशू लगेच उदाहरण देतो, आईबापांना द्यायचं ते 'देवाला अर्पण' म्हणून अडकवून ठेवण्याचं. यशया आणि येशू दोघांनी हृदय कुठे आहे ते वागण्यावरून ओळखलं.

म्हणून कोरडी प्रार्थना आणि मेलेली प्रार्थना यांत फरक करायचा असेल तर मी असं बघेन. सकाळी वचन वाचलं आणि नऊ वाजता टीममधल्या ज्युनियरने केलेलं काम स्वतःच्या नावावर खपवलं, आणि मनात काही टोचलंही नाही, तर काहीतरी गंभीर बिघडलंय, मग सकाळी डोळ्यांतून कितीही पाणी आलेलं असो. सोसायटीतल्या कामवाल्या मावशींचे सुट्टीचे पैसे कापताना वचन मध्ये आलं आणि हात थांबला, तर सकाळची ती रूक्ष दहा मिनिटं जिवंत होती. रुटीन वाईट नसतं. ज्या रुटीनमध्ये देवाला आपल्याला कुठेच छाटायची परवानगी नसते, ते वाईट.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला या प्रश्नात सर्वांत जवळचं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. ती आठ वर्षं रिकामी नव्हती. त्या अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, सभा गाजवल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, हिच्याइतकी मुळावलेली कोण? आणि इतकं नाव झाल्यावर, इतकी वर्षं उलटल्यावर, ही बाई लिहिते की तेव्हा आत काहीतरी कमी होतं. पोकळी आहे हे त्या उघडपणे बोलू शकल्या आणि पोकळी होती त्या काळात त्या शास्त्र सोडून निघून गेल्या नाहीत. या दोन गोष्टी एकाच माणसात क्वचित सापडतात. आपल्यापैकी काही जण कोरडेपण लपवतात आणि काही जण कोरडं वाटलं की उठून जातात.

त्यांच्या आयुष्याचा शेवट याहून कठीण आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया ते छापायच्या. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, भाषांतर हातावेगळं करून, आणि ते पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. मधल्या त्या आठ-नऊ महिन्यांतही काम चालूच होतं. हिब्रू शब्दाला मराठी शब्द शोधायचा तर मन उचंबळून येण्याची वाट बघत बसता येत नाही. बसायचं आणि शोधायचा.

मदर तेरेसांबद्दलही एक शब्द. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, पुस्तकरूपाने आली. त्यांत अनेक दशकांच्या आतल्या अंधाराची कबुली होती. तेव्हा काही लोकांनी अगदी त्या मुलाचाच प्रश्न विचारला : मग ते हसणं ढोंग होतं का? मला वाटतं, कोलकात्याच्या रस्त्यावरून ज्या माणसांना उचलून आणलं, त्यांच्या दृष्टीने या प्रश्नाचं उत्तर फार आधीच मिळालं होतं.

आता काही गोष्टी थोडक्यात. सगळं कोरडेपण आध्यात्मिक नसतं. झोप लागत नसेल, जेवणाची चव गेली असेल, कशातच रस उरला नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवा, समुपदेशकाकडे जा, आणि त्यात विश्वासाची हार वगैरे काही नाही. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाच्या दूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. डोंगरावरचा तो मंद आवाज त्यानंतरचा आहे.

आणि कधीकधी कोरडेपणाचं कारण आपल्याला नेमकं माहीत असतं, फक्त तो विषय आपण प्रार्थनेत काढत नाही. तो काढा. बाकी अ‍ॅपवरच्या स्ट्रीकची काळजी करू नका. एक दिवस चुकला म्हणून मूळ उपटलं जात नाही, आणि तीनशे दिवसांचा आकडा म्हणजे मूळ नव्हे. पण जमलं तर रोजची जागा आणि रोजची वेळ बदलू नका, आणि मंडळीतल्या एखाद्या वयस्कर माणसाला, आजी असल्या तर उत्तमच, विचारा की तुमच्या आयुष्यात असा काळ किती वर्षं होता. महिने नाही, वर्षं असं विचारा. उत्तर ऐकून धीर येतो.

उद्याच्या सकाळसाठी शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा आणि जिथे ते संपतं तिथेच थांबा. आपल्याकडून शेवट गोड करू नका.

प्रार्थना : देवबापा, उद्या सकाळी कुठल्यातरी फ्लॅटमध्ये, बाकीचे झोपलेले असताना, एक पोरगा किंवा पोरगी तुझ्यापुढे बसेल आणि तिला काही वाटणार नाही. तिचं ते बसणं तू स्वीकार. ज्यांच्या डोळ्यांत तू काही घडवतो आहेस आणि त्यांना ते दिसत नाही, त्यांचं पाणी तोडू नकोस. जिथे आम्हाला छाटायचं आहे तिथे छाट, आणि आम्ही हात मागे घेतला तर आम्हाला धरून ठेव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.